चॉकलेट सिस्ट आहे, म्हणून दोन्ही अंडाशये काढून टाकावीत का?

प्रश्न : मी ३७ वर्षांची आहे. मला सहा वर्षांची एक मुलगी असून दुसऱ्या अपत्याचा आमचा विचार चालू आहे. कॉलेजात असल्यापासून पाळीत असह्य दुखते, पण ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ असे ऐकत दिवस काढले. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात ४.५ सेंमीची एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजण्याच्या आजाराची) गाठ, म्हणजे चॉकलेट सिस्ट, निघाली. सीए-१२५ ही रक्तचाचणी ७८ आली आणि रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलेला आहे. त्याच आठवड्यात मी वाचले की, अशा गाठी असणाऱ्या स्त्रियांना अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ दहापट असतो. नणंदबाई म्हणतात, ‘दोन्ही अंडाशये काढून मोकळी हो, जीव महत्त्वाचा.’ माझी सख्खी मावशी अंडाशयाच्या कर्करोगाने ५८व्या वर्षी गेली. माझी गाठ कर्करोगात बदलते आहे का? ही रक्तचाचणी दर तीन महिन्यांनी करावी का? आणि नणंदबाईंचे ऐकावे का?

उत्तर : तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सर्वांत निकडीचे आहे. तुम्ही कळवलेल्या माहितीवरून, केवळ कर्करोगाच्या भीतीपोटी दोन्ही अंडाशये आज काढण्याचे काहीही कारण मला दिसत नाही. नणंदबाईंची काळजी खरी असेल, परंतु ३७व्या वर्षी दोन्ही अंडाशये काढल्यास दुसऱ्या अपत्याचा विषय तर संपतोच, शिवाय रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर येते, आणि पुढची अनेक वर्षे संप्रेरकांची भरपाई केली नाही तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे एक लहान धोका टाळण्यासाठी दोन-तीन मोठे धोके आपण होऊन घरात घेण्यासारखे ते होईल.

आता त्या ‘दहापट’कडे वळू. तो आकडा खोटा नाही. अमेरिकेतील युटा राज्याच्या आरोग्य-नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एंडोमेट्रिओसिसची नोंद असलेल्या सुमारे ७९ हजार स्त्रियांची तुलना तशी नोंद नसलेल्या सुमारे पावणेचार लाख स्त्रियांशी केली होती. एंडोमेट्रिओसिस असलेल्यांत अंडाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण एकंदर ४.२ पट आढळले, आणि ज्यांना अंडाशयात गाठी किंवा खोलवर रुजलेला आजार होता त्यांच्यात ते जवळजवळ ९.७ पट होते. बातम्यांनी उचलला तो हा दुसरा आकडा. त्याच अभ्यासातला तिसरा आकडा मात्र बहुतेक मथळ्यांत आला नाही : एंडोमेट्रिओसिस असलेल्या दर १०,००० स्त्रियांमागे अभ्यासाच्या काळात आढळलेले जादा रुग्ण सुमारे १० होते. ‘किती पट’ हे सांगताना ‘कितीतल्या किती’ हे सांगितले नाही, तर वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येणार नाही तर काय होईल! आरोग्यविषयक बातम्या लिहिणाऱ्यांनी निदान एवढे पथ्य पाळावे, असे मला नेहमी वाटते.

संपूर्ण आयुष्याचा हिशेब केला तर चित्र असे दिसते. सर्वसाधारण स्त्रीला जन्मभरात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे १.३ टक्के असते. अनेक अभ्यास एकत्र करून २०२१मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यानुसार एंडोमेट्रिओसिस असल्यास हा धोका साधारण १.९ पट होतो, म्हणजे ती शक्यता २.५ टक्क्यांच्या आसपास जाते. वेगवेगळ्या अभ्यासांत ‘पट’ वेगवेगळी येते, याचे कारण कोणत्या स्त्रिया मोजल्या, किती वर्षे मोजल्या आणि आजाराचा कोणता प्रकार धरला, हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते. युटाच्या अभ्यासात दवाखान्यापर्यंत पोहोचून निदान झालेल्या, म्हणजे बहुधा जास्त त्रास असलेल्या, स्त्रिया मोजल्या गेल्या होत्या. कोणताही आकडा घेतला तरी निष्कर्ष बदलत नाही. संबंध आहे, तो निव्वळ योगायोग म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही, आणि तरीही एंडोमेट्रिओसिस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना हा कर्करोग कधीही होत नाही.

हा संबंध नेमका कसा आहे, हे जाणून घेतले तर भीतीला आकार येतो, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगते. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, ओटीपोटाच्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजतात. पाळीच्या वेळी त्यांतूनही रक्तस्राव होतो. अंडाशयात हे रक्त कोंडून राहते, महिनोन्‌महिने साचून घट्ट आणि तपकिरी होते, म्हणूनच ‘चॉकलेट’ हे नाव पडले. या जुन्या रक्तात लोहाचे प्रमाण फार असते. ते लोह भोवतालच्या पेशींमध्ये सतत रासायनिक ताण निर्माण करते, सूज धुमसत ठेवते, आणि पेशींच्या जनुकांना इजा होण्याची शक्यता वाढवते. बहुतेक पेशी अशी इजा दुरुस्त करतात किंवा मरतात. फार थोड्या ठिकाणी, अनेक वर्षांच्या काळात, एकावर एक इजा साठत जाऊन कर्करोगाची सुरुवात होते.

हा संशय नवा नाही. जॉन सॅम्पसन या अमेरिकन शल्यविशारदाने १९२५ साली, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, एंडोमेट्रिओसिसमधून उगवलेल्या अंडाशयाच्या कर्करोगाचे वर्णन केले होते आणि असा निष्कर्ष काढण्यासाठी कोणत्या खुणा दिसल्या पाहिजेत हेही मांडले होते. जनुकीय पुरावा मात्र २०१० साली हाती आला. एआरआयडी१ए हे जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालण्याचे काम करते. अंडाशयाच्या कर्करोगाच्या क्लिअर सेल या प्रकारापैकी सुमारे निम्म्या आणि एंडोमेट्रिऑइड प्रकारांपैकी सुमारे एक तृतीयांश गाठींमध्ये ते बिघडलेले आढळले, आणि काही रुग्णांत तोच बिघाड कर्करोगाला लागून असलेल्या एंडोमेट्रिओसिसच्या पेशींतही सापडला. कर्करोग त्या जागेतूनच निघाला, याचा तो जवळजवळ पंचनामाच होता. पुढे २०१७मध्ये असेही दिसले की, कर्करोगाचा मागमूस नसलेल्या, खोलवर रुजलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्येही कर्करोगाशी संबंधित काही जनुकीय बदल असतात. म्हणजे असा बदल असणे आणि कर्करोग होणे या दोन गोष्टींमध्ये पुष्कळ अंतर आहे, आणि बहुतेक स्त्रियांमध्ये ते कधी कापलेच जात नाही.

यातून तुमच्यासाठी सर्वांत कामाचा मुद्दा निघतो. ‘अंडाशयाचा कर्करोग’ हे एका रोगाचे नाव नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांचे उगम वेगळे आहेत. सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वाधिक बळी घेणारा प्रकार म्हणजे हाय-ग्रेड सिरस. त्याची सुरुवात बहुतेकदा गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाला होते. एंडोमेट्रिओसिसचा घट्ट संबंध आहे तो क्लिअर सेल व एंडोमेट्रिऑइड या तुलनेने कमी आढळणाऱ्या प्रकारांशी. तेरा अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१२ साली जे विश्लेषण झाले, त्यात क्लिअर सेलचा धोका साधारण तिप्पट, एंडोमेट्रिऑइडचा आणि लो-ग्रेड सिरसचा साधारण दुप्पट आढळला. हाय-ग्रेड सिरसशी मात्र संबंध दिसला नाही. एंडोमेट्रिओसिसशी निगडित कर्करोग पुष्कळदा अंडाशयापुरते मर्यादित असतानाच सापडतात, आणि तेव्हा उपचारांना यश येण्याची शक्यता बरीच चांगली असते.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि माझ्या मते ज्याचे वजन गाठीपेक्षा जास्त आहे. तुमची सख्खी मावशी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. त्या कर्करोगाचा प्रकार कोणता होता, हे शोधून काढा. मावसभावंडांकडे जुन्या कागदपत्रांची फाइल असेल. त्यात शस्त्रक्रियेनंतरचा ‘हिस्टोपॅथॉलॉजी’ असा शब्द असलेला रिपोर्ट असतो आणि त्याच्या शेवटी निदानाची एक-दोन ओळींची नोंद असते. तिथे हाय-ग्रेड सिरस लिहिलेले असेल, तर बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांमधील आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागेल. बीआरसीए१मध्ये दोष असलेल्या स्त्रीला ८० वर्षे वयापर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के आणि बीआरसीए२मध्ये सुमारे १७ टक्के असते. हे आकडे वरच्या २.५ टक्क्यांशेजारी ठेवून पाहा, म्हणजे मी मावशींबद्दल इतके का विचारते आहे ते लक्षात येईल. तिथे क्लिअर सेल किंवा एंडोमेट्रिऑइड लिहिले असेल आणि त्याच घरात कोणाला मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पन्नाशीच्या आत झाला असेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शक्यता तपासावी लागते. स्तनाच्या कर्करोगाचीही चौकशी करा, आणि ती वडिलांच्या बाजूनेही करा; हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो, हे लोक हमखास विसरतात.

ही माहिती घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे किंवा कर्करोगतज्ज्ञांकडे जा. शक्य असेल तर चाचणीची सुरुवात कर्करोग झालेल्या व्यक्तीपासून करतात. मावशी हयात नाहीत, तेव्हा आईची चाचणी आधी करणे अनेकदा अधिक उपयोगाचे ठरते, कारण दोष आईत नसेल तर त्या बाजूने तो तुमच्याकडे येण्याचा प्रश्नच उरत नाही. चाचणीत दोष सापडला तर मात्र अंडाशये व गर्भनलिका काढण्याची चर्चा गांभीर्याने करावी लागते. तेव्हाही ती अपत्यांचा निर्णय झाल्यावर, दोष कोणता आहे त्यानुसार ठरलेल्या वयात होते. तेव्हा नणंदबाईंचा सल्ला काही स्त्रियांच्या बाबतीत अगदी योग्य ठरतो. तुम्ही त्या स्त्रियांपैकी आहात का, हे तुमची गाठ सांगू शकत नाही, तुमच्या कुटुंबाचा इतिहास सांगू शकतो.

सीए-१२५बद्दल थोडक्यात. हे प्रथिन ओटीपोटाच्या पडद्यातून, गर्भाशयाच्या अस्तरातून आणि इतरही ठिकाणांहून रक्तात येते, त्यामुळे पाळी चालू असताना, गर्भारपणात, ओटीपोटात जंतुसंसर्ग असताना, फायब्रॉइड (गर्भाशयातील साध्या गाठी) असताना आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये ते वाढलेले असू शकते. ३५ ही नेहमीची मर्यादा धरली तर ७८ हा आकडा ठळक छापला जाणार; पण चॉकलेट सिस्ट असलेल्या ३७ वर्षांच्या स्त्रीत त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. शिवाय रक्त पाळीच्या दिवसांत दिले असेल तर तो अधिकच वाढलेला दिसतो. दर तीन महिन्यांनी ही चाचणी करून तुम्हाला लाभेल ती फक्त दर तीन महिन्यांनी एक रात्र जागून काढण्याची संधी. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयोगटातील दोन लाखांहून अधिक सर्वसाधारण स्त्रियांवर या चाचणीचा आणि सोनोग्राफीचा चाळणी म्हणून प्रयोग झाला. २०२१मध्ये जाहीर झालेल्या अंतिम निष्कर्षांनुसार, अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अशा तपासणीने कमी झाले नाहीत. युरोपातील प्रजनन-आरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांतही, केवळ एंडोमेट्रिओसिस आहे म्हणून कर्करोगाची नियमित चाळणी करू नये, असेच म्हटले आहे.

मग लक्ष ठेवायचे कशावर? गाठीच्या रूपावर. नेहमीची चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत दुधी काचेसारखी एकसारखी धूसर दिसते, तिची भिंत आतून गुळगुळीत असते आणि तिच्या पोकळीत रक्तप्रवाह नसतो. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘ग्राउंड ग्लास’ असे शब्द आहेत का, ‘सॉलिड’ किंवा ‘पॅपिलरी’ असा उल्लेख आहे का आणि ‘व्हॅस्क्युलॅरिटी’पुढे काय लिहिले आहे, हे स्वतः वाचा. भिंतीतून आत वाढलेला घन कोंब आणि त्यात रक्तप्रवाह, ही संशयाची खूण मानली जाते. तसे दिसल्यास एमआरआय करून घ्यावा आणि पुढची शस्त्रक्रिया स्त्रियांच्या कर्करोगांवर काम करणाऱ्या शल्यविशारदांकडेच करावी. (गर्भारपणात साध्या चॉकलेट सिस्टमध्येही कधी कधी असे कोंब संप्रेरकांमुळे दिसतात. दिवस राहिल्यावर असा रिपोर्ट हाती आला तर घाबरून न जाता अनुभवी तज्ज्ञांचे दुसरे मत घ्या.) गाठ झपाट्याने वाढणे, पंचेचाळिशीनंतर नव्याने दिसणे किंवा रजोनिवृत्तीनंतर आकसण्याऐवजी वाढणे, हेही तितकेच महत्त्वाचे. तुमच्या गाठीत असे काही नसेल, तर काही आठवड्यांनी एकदा पुन्हा पाहून निदान पक्के करणे आणि त्यानंतर साधारण वर्षाकाठी एक सोनोग्राफी, हा क्रम सहसा पुरेसा ठरतो. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे अंतर सांगितले असेल तर त्याचे कारण विचारून घ्या.

लक्षणांमध्ये बदल झाला तर तो हलक्यात घेऊ नका. पाळीपुरते असणारे दुखणे महिनाभर सतत राहू लागले, पोट फुगलेले राहते, दोन घास खाताच पोट भरते, लघवीला वारंवार जावे लागते आणि हे नव्याने सुरू होऊन आठवड्यांमागून आठवडे जवळजवळ रोज जाणवते, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासून घ्या. एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांची अडचण अशी की, त्यांना दुखण्याची इतकी सवय झालेली असते की नवे दुखणेही त्या जुन्याच्या खात्यावर टाकतात. तुम्ही तर कॉलेजपासून तसेच करत आला आहात.

शस्त्रक्रियेचा विचार कर्करोग टाळण्यासाठी नव्हे, तर तुमच्या दुखण्यासाठी आणि अपत्याच्या नियोजनासाठी करावा लागेल. दुर्बिणीतून गाठीची भिंत सोलून काढता येते, त्याने दुखणे बरेच कमी होते. पण भिंतीबरोबर निरोगी अंडाशयाचा थोडा भागही जातो आणि बीजांचा साठा घटतो. दुसरे अपत्य हवे असताना ३७व्या वर्षी हा सौदा जपून करायचा असतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एएमएच ही बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी करून वंध्यत्वतज्ज्ञांशी बोला. शस्त्रक्रिया ठरलीच, तर गाठ नुसती सुईने रिकामी करून घेऊ नका, कारण ती बहुधा पुन्हा भरते आणि तपासायला ऊतीही हाती लागत नाही. काढलेली भिंत संपूर्ण तपासणीला पाठवली जाईल ना, हे आधीच विचारा. रिपोर्टमध्ये ‘एटिपिकल एंडोमेट्रिओसिस’ (पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणे) असा शब्द आल्यास तो कर्करोग नव्हे, मात्र त्यानंतर देखरेख अधिक काटेकोर ठेवावी लागते.

धोका कमी करणाऱ्या गोष्टीही आहेत. संततिनियमनाच्या संयुक्त गोळ्या घेणाऱ्यांमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका घटतो. पंचेचाळीस अभ्यासांच्या २००८च्या एकत्रित विश्लेषणात दर पाच वर्षांच्या वापरामागे तो सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेला दिसला, आणि पंधरा वर्षांच्या वापरानंतर जवळजवळ निम्मा. याच गोळ्या एंडोमेट्रिओसिसचे दुखणेही आवरतात. अर्थात, दिवस राहावेत असे वाटत असताना त्यांचा उपयोग नाही, आणि पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या किंवा डोळ्यांपुढे प्रकाशरेषा दिसणाऱ्या अर्धशिशीच्या स्त्रियांना त्या देत नाहीत. गर्भारपण आणि स्तनपान यांनीही धोका कमी होतो, तेव्हा दुसऱ्या अपत्याचा तुमचा विचार या बाजूनेही वावगा नाही. अपत्ये पूर्ण झाल्यावर अन्य कारणाने पोटाची शस्त्रक्रिया झालीच, तर अंडाशये ठेवून गर्भनलिका तेवढ्या काढून टाकाव्यात का, हे जरूर विचारा. सिरस प्रकाराचा उगम तिथे होत असल्याने अनेक तज्ज्ञ आता तसे सुचवतात.

आणखी एक गोष्ट आज नव्हे, दहा-पंधरा वर्षांनी लागेल. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांचे उपचार घ्यायची वेळ आली, तर ‘मला एंडोमेट्रिओसिस होता’ हे त्या वेळच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, गर्भाशय काढलेले असले तरीही. गर्भाशय नसलेल्या स्त्रीला एरवी एकटे इस्ट्रोजेन देतात. तुमच्यासारख्या स्त्रीच्या शरीरात एंडोमेट्रिओसिसचे उरलेसुरले ठिपके असू शकतात आणि एकट्या इस्ट्रोजेनने ते पुन्हा जागे होऊ शकतात, म्हणून सहसा प्रोजेस्टेरॉनची जोड असलेले किंवा टिबोलोन हे औषध निवडले जाते. आताचे सोनोग्राफीचे रिपोर्ट, फिल्मसकट, त्या दिवसासाठी एका फाइलमध्ये लावून ठेवा.